खायचे वार आणि शेवटची एसटी

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यातल्या एका गावातल्या महिला बचत गटाच्या बायका. गेल्या डिसेंबरात शाळेच्या मैदानावर शनिवार-रविवार असा मालवणी खाद्य महोत्सव केला. नाक्यांवर मोठे बॅनर लावले, व्हॉट्सॲपवर पोस्टर सगळीकडे पाठवलं. शनिवारी कोंबडी-वडे आणि बांगड्याचं तिखलं तसंच उरलं. रविवारी जरा बरी गर्दी झाली, पण संध्याकाळ सरता सरता मैदान रिकामं. यंदा जाहिरातीसाठी दहा हजार रुपये बाजूला काढलेत. ते कशावर खर्च करावेत?
– बचत गटाच्या सचिव

उत्तर : ताई, पैसे काढायच्या आधी कालनिर्णय काढा. मी नाटकांचे प्रयोग लावते. मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहापासून रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहापर्यंत माझं सगळं काम तारखेभोवती फिरतं. तारीख चुकली की वर कितीही जाहिरात ओता, खुर्च्या भरत नाहीत.

तुम्ही शनिवारी कोंबडी रांधलीत. आपल्याकडे खायचे वार म्हणजे रविवार, बुधवार, शुक्रवार. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारं कोणी ना कोणी घरोघर असतंच, आणि घरातल्या एकाचा वार असला की बाकीचेही बाहेर जेवायला निघत नाहीत. डिसेंबरात बहुतेक मार्गशीर्ष असतो. गुरुवारची पूजा मांडणाऱ्या कित्येक बायका अख्खा महिना मासळीला हात लावत नाहीत. त्यात संकष्टी आली तर विचारूच नका. शिवाय कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात, शाळांची स्नेहसंमेलनं असतात. शेजारच्या गावात त्या रात्री दशावतार असेल, तर तुमचा हक्काचा माणूस तिकडेच बसणार. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख तर देवीचा कौल झाल्यावरच कळते, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चकडे सरकायचं म्हटलं तरी ती जाहीर होईपर्यंत थांबा. महाशिवरात्रीच्या आसपास कुणकेश्वरच्या यात्रेपुढे कोणाचंच काही चालत नाही. एप्रिल-मेमध्ये तुमच्या देवगडात घरटी माणूस आंब्याच्या पेट्यांत गुंतलेला.

यंदाही शनिवार-रविवारच करायचा असेल, तर दोन दिवसांची दोन वेगळी आवतणं करा. शनिवार पूर्ण शाकाहारी ठेवा : शिरवाळे (तांदळाच्या पिठाच्या शेवया), घावणे, आंबोळ्या, काळ्या वाटाण्यांचं सांबारं. वडे-कोंबडी आणि मासळी रविवारी. शनिवार पाळणाऱ्या घराला पोस्टरवरच दिसलं पाहिजे की हा दिवस आपल्यासाठी ठेवलाय.

आता पोस्टर. तुमचं पोस्टर मी पाहिलेलं नाही, पण महोत्सवाची पोस्टरं मला पाठ आहेत. वर मान्यवरांचे फोटो, खाली समितीची नावं, मधे पंचवीस पदार्थ बारीक अक्षरांत. वाचणाऱ्याच्या लक्षात त्यातला एकही राहत नाही. एकच पदार्थ पुढे करा. मी तुमच्या जागी असते तर शिरवाळे घेतले असते, कारण ते घरी आता फार कमी जणी करतात. साचा असला तरी दाबायला दोघी लागतात आणि पिठाचे उकडलेले मुटके गरम असतानाच घालावे लागतात. एका दुपारी तुमच्यातल्या दोघी साच्यावर बसा आणि तिसरीने मोबाइल जवळ धरावा : उकडलेला मुटका साच्यात जातोय, वरून दांडा दाबला जातोय, खाली ताटात पांढऱ्या तारा उतरतायत, त्यावर गूळ-नारळाचा रस पडतोय. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पुरे. संगीत घालू नका, तुमचं बोलणं आणि भांड्यांचा आवाज तसाच राहू दे. शेवटी एकीने म्हणावं, “गो बाय, शनवारी सांजचा ये हां, शिरवाळे पाडतलव.” ज्या बाईची आई शिरवाळे करायची, ती हे ऐकून घरात बसून राहणार नाही.

व्हॉट्सॲपचंही समजून घ्या. पाच किंवा त्याहून जास्त वेळा पुढे गेलेल्या संदेशावर दुहेरी बाण येतो आणि मग तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. तो बाण दिसला की लोकही ‘फॉरवर्ड आलंय’ म्हणून पुढे सरकतात. म्हणून गटातल्या प्रत्येकीने मजकूर स्वतः टाइप करावा, समोरच्याचं नाव घालून. ब्रॉडकास्टवर विसंबू नका, कारण तुमचा नंबर ज्याने सेव्ह केलेला नाही त्याला तो संदेश पोचतच नाही. दहा जणींनी वीस-वीस घरांना नावानिशी बोलावलं, तर मोठ्या बॅनरपेक्षा जास्त माणसं येतात. आपल्याकडे आवतण लागतं. बॅनरवर ‘सर्वांनी यावे’ लिहिलेलं असतं, त्यात मला कोणी बोलावलंय असं कोणालाच वाटत नाही.

रविवारचं मैदान लवकर रिकामं झालं, त्याचं कारण माझ्या मते शेवटची एसटी. बाहेर पडायच्या आधी आपला माणूस परत कसा यायचं ते ठरवतो, आणि वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे तर गाडी नसतेच. तुमच्या पोस्टरवर वेळ आणि ठिकाण असणारच. त्याखाली ठळक अक्षरांत हेही लिहा : शेवटची एसटी अमुक वाजता, त्यानंतर परतीसाठी मैदानाच्या दारात रिक्षा आणि टेम्पो. दहा हजारांतले तीन-चार हजार मी दोन संध्याकाळी टेम्पो उभा करण्यात घालीन. नाटकाच्या प्रयोगालाही मी आधी परतीच्या गाड्या बघते आणि मगच पडद्याची वेळ ठरवते. हा खर्च जाहिरातीचाच धरा, कारण ‘न्यायला-सोडायला गाडी आहे’ यासारखी दुसरी जाहिरात मला माहीत नाही.

उरलेल्या पैशांतून कुपनाची पुस्तकं छापा. पन्नास रुपयांचं कुपन, महोत्सवात त्या किमतीचं काहीही खावं. प्रत्येक सभासदाकडे एक पुस्तक. ज्याने पन्नास रुपये आधी मोजलेत तो पाऊस पडला तरी येतो, आणि गुरुवारपर्यंत किती कुपनं गेली यावरून किती वडे लाटायचे हेही कळतं. आमच्या धंद्यात प्लॅन उघडला, म्हणजे तिकीटविक्री सुरू झाली, की दोन दिवसांत किती खुर्च्या भरतील याचा अंदाज येतो, तसंच हे.

मुंबईकरांना विसरू नका, पण त्यांच्याकडून योग्य ती गोष्ट मागा. त्यांनी यावं असं वाटत असेल तर तारीख दोन महिन्यांहून आधी कळवायला हवी. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, आणि कोकणकन्या किंवा तुतारीची तिकिटं सुट्टीच्या दिवसांत पहिल्या सकाळीच संपतात. बहुतेकांना यायला जमणार नाही. त्यांना सांगा, तिकडून यूपीआयने पैसे पाठवा, इथे तुमच्या आईवडिलांच्या हातात कुपनं देतो आणि त्यांना टेम्पोतून घेऊन येतो. नालासोपाऱ्यात बसलेल्या मुलाला हे करायला फार आवडतं. गावच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर एवढं एकच टाका.

पर्यटकांसाठी विजयदुर्ग, कुणकेश्वर, देवगडच्या होम-स्टेवाल्यांना भेटा. त्यांच्या नाश्त्याच्या टेबलावर एक जाड कार्ड ठेवा, वर मराठी, मागे हिंदी, आणि मैदानापर्यंतचा रस्ता. होम-स्टेच्या काकी स्वतः एकदा शिरवाळे खाऊन गेल्या की पुढचं काम त्याच करतील, म्हणून त्यांना आदल्या दिवशीच थोडे पोचते करा.

प्रश्न : आमचं वाचनालय गुहागर तालुक्यात आहे. एकांकिका स्पर्धेची पोस्ट फेसबुकवर पैसे भरून चालवली. भरपूर लाइक आले, पण प्रेक्षक आले नाहीत. असं का झालं?
– वाचनालयाचा कार्यकर्ता

उत्तर : लाइक कुठून आले ते आधी बघा. जाहिरात चालवताना ठिकाण आणि त्याभोवतीचे किलोमीटर ठरवता येतात. तिथे तुम्ही ‘महाराष्ट्र’ ठेवलं असेल, तर तुमचे पैसे पुण्या-नागपुरात संपले. गुहागर केंद्र धरून पंचवीस-तीस किलोमीटर ठेवा आणि शेवटच्या चार दिवसांतच चालवा, कारण त्याआधी पाहिलेलं लोक विसरतात.

पण एकांकिकेचा खरा प्रेक्षक संघांबरोबर येतो. प्रत्येक संघाचं वेगळं पोस्टर करून द्या : संघाचं गाव, कलाकारांची नावं आणि त्यांच्या एकांकिकेची नेमकी वेळ. दिवसभराची स्पर्धा ‘सकाळी नऊपासून’ एवढंच लिहून भागत नाही. आपला भाचा साडेतीनला रंगमंचावर येणार हे कळलं तर मामा दुकान तासभर बंद ठेवून येतो. त्याला सकाळी नऊला बोलावलंत तर तो मुळीच येणार नाही. आणि लिहिलेली वेळ पाळा. ती एकदा हुकली की पुढल्या वर्षी तोच मामा पोस्टरवर विश्वास ठेवत नाही. तालुक्यातल्या मराठीच्या शिक्षकांना स्वतः जाऊन भेटा, पत्र पाठवून थांबू नका.

प्रश्न : रिक्षावर भोंगा लावून गावात जाहिरात फिरवायला परवानगी लागते का? बॅनरला?
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : दोन्हींना लागते. भोंग्यासाठी पोलीस ठाण्याची लेखी परवानगी घ्या आणि कागद रिक्षातच ठेवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. जाहीर केलेल्या शांतता क्षेत्रातही वाजवता येत नाही, त्यामुळे दवाखाना आणि शाळेजवळ तो आधीच बंद करा. बॅनरसाठी नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत. विनापरवाना फलक लावणं १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे. झाडाला खिळे मारून तर कधीच लावू नका.

रिक्षा फिरवायची तर आठवडा बाजाराच्या सकाळी आणि कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चारनंतर. मधल्या दिवसांत फिरवू नका. मजकूर वीस सेकंदांचा करा आणि रिक्षा नाक्यावर थांबवूनच वाजवा. चालत्या रिक्षातून वार ऐकू येतो, ठिकाण मागे राहतं.