ड्रॉइंग साधं आहे, तरी प्रॉडक्ट डिझाइनला जाऊ का?

या वेळी प्रॉडक्ट डिझाइनबद्दल, म्हणजे हातात धरायच्या, रोजच्या वापरातल्या वस्तू घडवण्याबद्दल, इतके प्रश्न आलेत की बाकीचे बाजूला ठेवून फक्त तेच घेतेय. मी हेच शिकलेय आणि आता हेच शिकवते, त्यामुळे उत्तरं जरा लांबतील, चालवून घ्या.

प्रश्न : ताई, मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला वस्तू उघडून बघायचा नाद आहे, घड्याळ, टॉर्च, जुना रेडिओ सगळं उघडून झालंय. पण माझं ड्रॉइंग फारच साधं आहे, वर्गातल्या एका मुलीची पोर्ट्रेट बघितली की वाटतं आपलं काही खरं नाही. ॲप्लाय करू की नको?

कर. आणि त्या पोर्ट्रेटशी स्वतःची तुलना आजपासून बंद कर, कारण ते काम वेगळं आणि हे काम वेगळं. प्रॉडक्ट डिझाइनमध्ये स्केच म्हणजे डोक्यातली गोष्ट पटकन कागदावर आणून तिच्याशी भांडता यावं म्हणून काढलेली रेघ. ती सुंदर नसली तरी चालतं, पण ती खोटी नसावी, म्हणजे झाकण कुठे उघडतं, हात कुठून आत जातो, दोन भाग कुठे जुळतात हे तिच्यातून कळायला हवं. हे सरावाने येतं, अगदी सगळ्यांना येतं. मी पहिल्या वर्षाला सरळ सिलिंडरसुद्धा न काढता येणारी मुलं बघितलीत आणि वर्षाच्या शेवटी तीच मुलं बोलता बोलता समोर स्केच काढून दाखवतात.

सराव असा कर. रोज हाताशी असलेली एक वस्तू घे, पेनने काढ, खोडरबर नको, समोरून, वरून, बाजूने आणि एकदा तिरकी. मग ती उघड (तुला नाद आहेच!) आणि आतले भाग ज्या क्रमाने बाहेर आले त्याच क्रमाने एका रेषेत मांडून काढ. याला एक्सप्लोडेड व्ह्यू म्हणतात. अशी पंचवीस-तीस पानं आणि शेजारी 'हा स्क्रू इथे का दिलाय', 'हे बटण आत खोल का आहे' असं तुझ्या अक्षरात लिहिलेलं असलं तर तो फार चांगला पोर्टफोलिओ, म्हणजे प्रवेशासाठी दाखवायचा कामांचा संग्रह, होतो. मी स्वतः पोर्टफोलिओ बघते तेव्हा चकाचक शेवटचं चित्र सोडून आधी अशी कच्ची पानंच शोधते, कारण मूल विचार कसा करतं ते तिथेच दिसतं.

आणखी एक सांगते. जर्मनीत १९१९ साली बाउहाउस नावाची शाळा सुरू झाली, आजच्या डिझाइन शिक्षणाचं बरंचसं मूळ तिथे आहे. तिथे योझेफ आल्बर्स पहिल्या वर्षाच्या मुलांना नुसता कागद द्यायचे आणि सांगायचे की यातून काहीतरी बनवा, कागद वाया घालवू नका, कागदाला जे जमतं ते कागदाकडून करून घ्या. घडी घातली की तोच लुळा कागद उभा राहतो, वजन पेलतो. तू टॉर्च उघडून बघतोस तेव्हा तुझंही तेच चाललेलं असतं, वस्तू कशाच्या जिवावर उभी आहे हे बघणं.

प्रश्न : मॅडम, मी दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिस्टरला वयस्कर लोकांसाठी गोळ्यांचा डबा केला, त्याचं रेंडर (कॉम्प्युटरवर केलेलं खऱ्यासारखं चित्र) बघून सगळा वर्ग खूश झाला. ज्यूरीत, म्हणजे सगळ्यांसमोर काम तपासतात तेव्हा, एका सरांनी एवढंच विचारलं, 'हा डबा किती आजी-आजोबांनी उघडून बघितला?' एकानेही नाही. पुढचं काही ऐकूच आलं नाही मला. आता वाटतंय हे क्षेत्र माझं नाहीच.

आधी पाणी पी आणि शांतपणे वाच, कारण जे तुझं झालं तेच माझं झालंय. मी विद्यार्थी असताना झाडांना पाणी घालायची झारी केली होती, हँडलची ती कर्व्ह मी तीन आठवडे घासत होते. ज्यूरीत एका बाईंनी ती उचलली, नळाखाली धरून भरली आणि माझ्या हातात दिली. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो, माझं मनगट तिथल्या तिथे वाकलं. मी तीन आठवडे फक्त रिकामी झारी धरून बघत होते. त्या दिवशी मी खूप रडले आणि अजूनही मुलांना पहिल्या तासाला हीच गोष्ट सांगते.

तुझं चुकलं ते क्रमात. रेंडर शेवटी येतं, तू ते आधी केलंस, आणि एकदा रेंडर सुंदर झालं की त्यातली चूक आपल्यालाच बघवत नाही.

पॅट्रिशिया मूर नावाची अमेरिकन डिझायनर आहे. १९७९ मध्ये, जेमतेम २६ वर्षांची असताना, ती मेकअप करून म्हातारी बनली आणि १९८२ पर्यंत अशा वेशात शंभराहून जास्त शहरांत फिरली. नुसता वेश नाही, नजर धूसर होईल असा चष्मा, कानात बोळे, सांधे वाकू नयेत म्हणून बांधलेले. दार ढकलताना, पायरी चढताना, सुटे पैसे मोजताना काय होतं ते तिने अंगावर घेतलं. तू एवढं करायची गरज नाही, पण हातमोजे घालून, दोन बोटं टेपने एकत्र बांधून तुझा डबा एकदा उघडून तर बघ!

दुसरं उदाहरण ऑक्सो या कंपनीच्या भाज्या सोलायच्या सोलाण्याचं. ती सुरू करणाऱ्या सॅम फार्बरच्या बायकोला, बेट्सीला, संधिवात होता, नेहमीचं बारीक लोखंडी दांड्याचं सोलाणं तिला धरवेना. त्यातून १९९० मध्ये जाड, रबरासारख्या मऊ मुठीची स्वयंपाकघरातली साधनं बाजारात आली, अंगठा टेकतो तिथे मुठीवर पातळ पातळ लवचीक पट्ट्या, म्हणजे ओल्या हातातूनही निसटत नाही. मला यातलं जास्त महत्त्वाचं हे वाटतं की दुखऱ्या हातासाठी केलेली मूठ धडधाकट हातालाही आवडली आणि ती 'आजारी माणसाची वस्तू' अशी दिसत नाही. तुझ्या डब्यालाही हा प्रश्न विचार, तो टेबलावर ठेवायला आजींना संकोच तर नाही ना वाटणार?

आता काम. जाड पुठ्ठा किंवा फोमचे चार-पाच डबे कर, प्रत्येकाचं झाकण वेगळ्या पद्धतीने उघडणारं, एकावर एका दिवसापेक्षा जास्त वेळ घालवू नकोस. पाच जणांच्या हातात दे आणि गप्प बस. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड आहे, आपल्याला लगेच 'अहो, इथून दाबा' म्हणावंसं वाटतं, ते म्हणायचं नाही. अंगठा आधी कुठे जातो, डबा छातीशी धरतात का, दात लावतात का, उघडल्यावर गोळ्या सांडतात का हे लिहून ठेव, विचारलं तर फोटो काढू देतात. 'आवडलं का?' असं मात्र विचारू नकोस, समोर मूल बसलंय म्हणून सगळे हो म्हणतात.

आणि तुझ्या विषयात एक खरा पेच आहे, तो टाळू नकोस. लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून औषधाच्या बाटल्यांना दाबून फिरवायची झाकणं असतात आणि नेमकी तीच दुखऱ्या बोटांना उघडत नाहीत. ज्या घरात नातवंडं आणि आजी दोघं आहेत तिथे तुझा डबा काय करणार? ताकदीऐवजी दोन हातांनी, दोन वेगळ्या जागी काहीतरी करायला लावलं तर? मला उत्तर माहीत आहे म्हणून नाही विचारत, हा प्रोजेक्ट मला खरंच बघायचाय. जेम्स डायसन या ब्रिटिश डिझायनरने बिनपिशवीच्या व्हॅक्युम क्लीनरसाठी ५१२७ प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीची मॉडेलं, केली, एका वेळी एकच गोष्ट बदलत. तुझा आत्ता पहिला झालाय.

प्रश्न : माझी मुलगी इंजिनिअरिंगऐवजी प्रॉडक्ट डिझाइन म्हणतेय. मला हे वस्तू वरून छान दिसवण्याचं काम वाटतं. त्यासाठी इतकी वर्षं कशाला लागतात? रागावू नका.

रागवायचं काय त्यात, हा गैरसमज फार जणांचा असतो. जवळचं कुठलंही प्लॅस्टिकचं झाकण किंवा रिमोट घ्या आणि बघा. ते वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात भरून केलेलं असतं. त्याची भिंत बहुतेक २ ते ३ मिलिमीटर जाड आणि सगळीकडे जवळपास सारखी असते, कारण एखादी जागा जाड राहिली तर ती उशिरा थंड होते आणि वरून खड्डा पडतो. बाजू अगदी सरळ नसतात, एक-दोन अंश तिरक्या असतात, नाहीतर वस्तू साच्यातून निघतच नाही. आत मजबुतीसाठी बारीक पट्ट्या असतात. हे सगळं डिझाइनच्या मुलांना कळावं लागतं आणि शिवाय हाताची मापं, साहित्य, खर्च, दुरुस्ती, वस्तू टाकून दिल्यावर तिचं काय होणार तेही. आतलं यंत्र चालतं का हे इंजिनिअर बघतो, ते माणसाला चालवता येतं का हे डिझायनर बघतो, पण प्रत्यक्षात दोघं एकाच टेबलावर बसून भांडतात.

एक मात्र नीट तपासा. सॉफ्टवेअर कंपन्यांत 'प्रॉडक्ट डिझाइन' म्हणजे ॲपचे स्क्रीन, आणि काही कोर्समध्येही आता तोच अर्थ घेतात. मुलीला हातात धरायच्या वस्तू करायच्या असतील तर विद्यापीठाचा अभ्यासक्रम वाचा, शेवटच्या वर्षाच्या मुलांची कामं बघा आणि वर्कशॉप संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं ते विचारा. माझ्या मते माहितीपत्रकापेक्षा या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जास्त सांगून जातं.

प्रश्न : पहिल्या वर्षासाठी भारी लॅपटॉप आणि थ्रीडी प्रिंटर घेऊनच जाऊ का?

प्रिंटर नको, तो कॉलेजमध्ये असेल. आणि लक्षात ठेव, त्यात नेहमी वापरतात ते पीएलए नावाचं प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, एका मुलीचं ज्यूरीचं मॉडेल बंद गाडीत उन्हाने वाकलं होतं. लॅपटॉपचं काय ते, कॅड (कॉम्प्युटरवर वस्तूचं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) शिकवायला सुरुवात झाली की सीनियरना विचारून ठरव. आत्ता चांगला कटर, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट आणि पॉलिश पेपर घे, ८० नंबरपासून ४०० पर्यंत. कटरची पाती जास्तीची घे आणि बोथट झालं की लगेच बदल, कारण बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि मग ते पट्टीवरून घसरून बोटावर येतं.