शाळेचा आठवडा : बाईंची उत्तरं

या महिन्यातली बहुतेक पत्रं प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या घरून आली आहेत. पुण्याच्या पेठेतल्या एका शाळेत मी बरीच वर्षं पहिली ते चौथीचे वर्ग घेतले, त्या अनुभवावरून उत्तरं लिहिते आहे. पत्रांखालची नावं काढून टाकली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा पहिलीत आहे. शाळा सुटली की रोज विचारते, आज काय झालं? रोज एकच उत्तर, ‘काही नाही’. ग्रुपवर बाकीच्या आया वर्गातलं सगळं सांगत असतात, मला मात्र काहीच कळत नाही. तो मनात काही दडवतोय का? — एक आई, कोथरूड

दडवत नाहीये. सहा वर्षांच्या मुलाच्या दिवसात इतकं काही घडलेलं असतं की त्यातलं आधी काय सांगायचं हेच त्याला उमगत नाही. त्यातून तुम्ही विचारता ते फाटकापाशी. तिथे रिक्षावाले काका हाका मारत असतात, पोटात भूक असते, खांद्यावर दप्तर असतं. घरी येऊ द्या, हातपाय धुऊन काहीतरी खाऊ द्या आणि मग लहानसं काहीतरी विचारा.

काय विचारायचं ते शाळेचा आठवडा कसा जातो हे माहीत असलं की सुचतं. सोमवारी पहिल्या तासाला निम्मा वर्ग रविवारचं सांगायला उतावीळ असतो. कोणी कात्रजला वाघ पाहिलेला असतो, कोणी पेशवे पार्कात फुलराणीत बसून आलेलं असतं. (ही गाडी १९५६ पासून पुण्याच्या मुलांना फिरवते आहे. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आज्यासुद्धा तिच्यात बसल्या होत्या.) सोमवारी मी आधी त्यांना बोलू द्यायची, पाढे नंतर. मंगळवार आणि बुधवार हे नवं शिकवायचे दिवस. जोडाक्षरं, हातच्याची बेरीज, जे काही अवघड असेल ते मी तेव्हाच काढायची. गुरुवारी दुपारी वर्गात भांडणं वाढतात, कारण मुलं दमलेली असतात. ‘बाई, यानं माझं खोडरबर घेतलं’ हे गुरुवारी सगळ्यात जास्त ऐकू येतं. शुक्रवारी चित्रकला किंवा मातीकाम असलं की पुन्हा तरतरी येते. शनिवारी सकाळची शाळा, कवायत, आणि लवकर सुटायचा आनंद.

रोज सकाळी परिपाठ असतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, मग सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा. वर्गांच्या पाळ्या लागलेल्या असतात. ज्या मुलाला सुविचार सांगायचा असतो तो माइकसमोर येईपर्यंत ओठांतल्या ओठांत तेच वाक्य घोकत असतो. त्याच्यासाठी तो त्या आठवड्यातला सगळ्यात मोठा प्रसंग असतो, आणि घरी त्याचा पत्ताही नसतो.

तेव्हा असं विचारा : आज परिपाठाला कुठला वर्ग होता? बोधकथेत कोणता प्राणी होता? डब्यात कोणी काय आणलं होतं? बाकावर शेजारी कोण बसलं? एका वेळी एकच प्रश्न. उत्तर आलं की त्यावर शिकवण देऊ नका, नुसतं ऐका. पंधरवडाभर करून पाहा.

काळजी कधी करायची तेही सांगते. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही, डबा तसाच परत येतो, आवडता मित्र अचानक नावडता होतो, शाळेत लघवीला न जाता मूल घरी येईपर्यंत थांबून राहतं. यातलं काही दिसलं तर त्याच आठवड्यात वर्गशिक्षिकेला भेटा. ग्रुपवर विचारत बसू नका.

प्रश्न : मुलगी तिसरीत. रोज संध्याकाळी दोन तास गृहपाठ. दप्तर मलाही जड वाटतं. शाळेत बोललो तर मुलीवर राग निघेल का? — एक वडील, हडपसर

केंद्र सरकारचं शालेय दप्तर धोरण २०२० सालचं आहे. त्यात दुसरीपर्यंत गृहपाठच नको असं म्हटलं आहे, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त २ तास. तुमची मुलगी आठवड्याचा गृहपाठ एका संध्याकाळी करते आहे. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांवर जायला नको. मुलगी २४ किलोची असेल तर दप्तर २ किलो ४०० ग्रॅम, त्याहून जास्त नाही.

आधी घरच्या काट्यावर दप्तर ठेवून बघा आणि एकेक वस्तू बाहेर काढा. लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो तिथेच झाला. शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय चांगली असेल तर अर्धी बाटली पुरते. मग वेळापत्रक लावून पाहा. पुष्कळ मुलं सगळ्या विषयांच्या सगळ्या वह्या रोज नेतात, कारण काही राहिलं तर बाई रागावतील ही धास्ती असते. रात्री तिच्याबरोबर बसून दप्तर भरलंत तर आठवडाभरात ती स्वतः भरायला लागेल.

एवढं करूनही जड राहिलं, तर वजन कागदावर लिहून न्या आणि शाळा सुटल्यावर बाईंची वेळ मागून भेटा. ‘रोज गृहपाठाला इतका वेळ लागतो, यातलं कोणतं कमी करता येईल?’ असं विचारा. चाळीस मुलांच्या वर्गात कोणाला किती वेळ लागतो हे शिक्षिकेला खरंच कळत नाही, आणि बहुतेक शिक्षिका हे ऐकून घेतात. नाही ऐकलं तर अनुदानित आणि सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघाकडे जा. आणि मुलीवर राग काढण्याबद्दल : त्याच कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घालतं. मागणी रास्त आहे, तेव्हा घाबरत घाबरत मांडू नका.

प्रश्न : दुसरीतल्या मुलीची शाळा सकाळी सात वाजता भरते. झोपेतच दात घासते. काही नियम आहे का? — एक आई, वारजे

आहे. पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असा राज्य सरकारचा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला आहे. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांना वर्गखोल्यांची अडचण असते, ती समजून घ्या, पण पुढच्या पालकसभेत लेखी विचारा.

प्रश्न : आम्ही जळगावकडचे. मिस्टरांच्या नोकरीमुळे या जूनमध्ये धायरीला आलो. मुलगी दुसरीत. तिच्या बोलण्याला मुलं हसतात, ‘तू गावठी बोलतेस’ म्हणतात. आता ती वर्गात तोंडच उघडत नाही. आम्ही घरी पुण्यासारखं बोलायला लागावं का? — एक आई

नाही. कृपा करून असं करू नका. घरात आई-आजी ज्या भाषेत कुशीत घेतात तीच अचानक बदलली तर ‘आपलं काहीतरी चुकीचं होतं’ हे त्या पोरीच्या मनात कायमचं बसेल. तिला शाळेची भाषा येणारच आहे. सात वर्षांचं मूल वर्गात बसून, खेळून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती उचलतं. तिला एक सोडून दोन बोली येतील, आणि हसणाऱ्या मुलांना एकच येत असेल.

हसणाऱ्या मुलांचाही मला राग येत नाही. घरी मोठ्या माणसांनी कोणाच्या तरी बोलण्याची नक्कल केलेली त्यांनी पाहिलेली असते, म्हणून ती हसतात. पुण्यात हे फार होतं, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमच्या वर्गांत मराठवाड्यातून बांधकामावर आलेल्या आईवडिलांची मुलं असायची, कोकणातली असायची, विदर्भातली असायची. पहिले काही आठवडे ती गप्प असायची. त्यांना बोलतं करायचा मला सापडलेला सगळ्यात चांगला मार्ग शनिवारचा गोष्टींचा तास. ज्याच्या घरी आजी आहे त्यानं आजीची गोष्ट सांगायची, जशी आजी सांगते तशीच, एक अक्षर न बदलता. परभणीकडच्या एका मुलीनं चिमणी-कावळ्याची गोष्ट तिच्या आजीच्या हेलात सांगितली. कावळ्याचं घर वाहून गेलं तेव्हा तिनं असा काही आवाज काढला की पुढचे कितीतरी दिवस मधल्या सुट्टीत सगळा वर्ग तो काढत होता. तिच्याकडे शिकायला यायची मुलं.

वर्गशिक्षिकेला भेटून एवढंच मागा, की मुलीला तुमच्या बोलीतली एक गोष्ट किंवा ओवी सांगायची संधी द्यावी. आधी वर्गात, मग जमलं तर परिपाठात. बळजबरी नको, ती तयार होईपर्यंत थांबा. शिक्षिकेला हेही सांगा की बहिणाबाई चौधरी तुमच्या जळगावच्याच आणि त्यांची कविता याच बोलीतून आली आहे. सगळा महाराष्ट्र ती पाठ्यपुस्तकातून शिकत आला आहे. आणि मुलीला एक मैत्रीण मिळवून द्या. वर्गातल्या एकाच मुलीला रविवारी घरी जेवायला बोलवा, भरीत-भाकरी करा. वर्गात एक जण बाजूनं असला की मूल बाकीच्यांना तोंड देतं.

प्रश्न : मुलगी महापालिकेच्या शाळेत तिसरीत आहे. शाळेतली खिचडी पोटभर खाते आणि माझा डबा परत आणते. शेजारी म्हणतात, ते अन्न ज्यांना घरी मिळत नाही त्यांच्यासाठी असतं. — येरवडा

ते अन्न शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलासाठी असतं, तुमच्या मुलीसाठीसुद्धा. केंद्र सरकारची ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं जेवणच द्यायला सांगितलं. आता तिला पीएम पोषण म्हणतात. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं तिचं प्रमाण आहे. वाढण्याआधी शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी चव घ्यायची असते. तुम्हीही मुख्याध्यापकांना सांगून एखाद्या दिवशी चव घ्यायला जा.

मटकीची खिचडी असली की आवारात वास पसरायचा आणि तिसऱ्या तासाला अर्ध्या वर्गाचं लक्ष दाराकडे असायचं. पंगतीला कोणाच्या घरी काय शिजतं हे कोणी विचारत नाही, सगळ्यांच्या ताटात तेच. घरी जेवायला कुरकुर करणारी मुलं तिथे पुन्हा वाढून घ्यायची. डबा भरायचाच असेल तर एखादं फळ, भाजलेले शेंगदाणे किंवा राजगिऱ्याचा लाडू द्या. शेजाऱ्यांचं मनावर घेऊ नका.

प्रश्न : नातू चौथीत आहे. शनिवारी दप्तर नेत नाही, म्हणतो आज खेळ आणि हस्तकला. आमच्या वेळी शनिवारीही अभ्यास असे. मुलांचं नुकसान होत नाही का? — एक आजोबा, सदाशिव पेठ

२०२४ पासून राज्यात पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार सुरू झाला आहे, आपण म्हणता तो तोच. नुकसान होत नाही. नवरात्रात आपल्याकडच्या शाळांमधून भोंडला होतो. पाटावर हत्ती काढायचा, त्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी डब्यात कोणती खिरापत आहे ते ओळखायचं. त्यात मुलं पाठांतर करतात, ताल धरतात, तर्क लढवतात. आषाढीच्या आधी दिंडी निघते, तेव्हा वारी पुण्यातून का जाते हे त्यांना नकाशावर दाखवता येतं.

आपण एक करू शकता. चौथीला शिवचरित्र आहे आणि आपण राहता सदाशिव पेठेत. शनिवारी शाळा सुटल्यावर नातवाला लाल महालात न्या, १६६३ साली शायिस्तेखानावर छापा कसा पडला ते तिथे उभं राहून सांगा. आज उभी आहे ती वास्तू नंतर बांधलेली आहे, हेही सांगा. मुलांना खरं सांगितलेलं आवडतं. तिथून जवळच बुधवार पेठेत भिडे वाड्याची जागा आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा तिथे काढली. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला, तरी जागा दाखवाच. ३ जानेवारीला शाळेत बालिका दिन साजरा होईल तेव्हा त्याच्याकडे सांगायला काहीतरी असेल.

प्रश्न : बाई, मी चौथीत आहे. मधल्या सुट्टीत मुलं रोज क्रिकेट खेळतात आणि आम्हा मुलींना मैदान देत नाहीत. आम्हाला लंगडी आणि डॉजबॉल खेळायचं असतं. आम्ही भिंतीजवळ उभ्या राहतो. काय करू? — कसबा पेठ

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. अक्षर सुंदर आहे आणि तक्रार अगदी बरोबर आहे. मैदान सगळ्यांचं आहे.

आधी मैत्रिणींना गोळा कर आणि वारांची वाटणी ठरवा. तीन दिवस मुलांचं क्रिकेट, तीन दिवस तुमचे खेळ. किंवा मैदानाच्या मधोमध फक्कीची रेघ मारायची, एका बाजूला ते, एका बाजूला तुम्ही. दोन्ही पर्याय वर्गमंत्र्याला सांगा. काही मुलांनाही लंगडी आवडते पण ती बोलत नाहीत, त्यांना बरोबर घ्या. मुलं ऐकत नसतील तर मुख्याध्यापकांना अर्ज लिहा. वर डाव्या बाजूला ‘प्रति’, खाली विषय, मग जे मला लिहिलंस तेच, आणि शेवटी सगळ्याजणींच्या सह्या. भिंतीजवळ उभ्या राहता हे वाक्य गाळू नकोस. आधी बाईंना दाखव, आणि अर्ज सोमवारी दे. शनिवारी शाळा लवकर सुटते, कागद टेबलावरच राहतो.