फ्लेमप्रूफ दिवा टी६ घेतला की कुठेही बिनधास्त लावता येतो का?

नाही. 'टी६ सगळ्यात भारी' हे इतक्या मिटिंगांत ऐकलंय की आता डोकंच उठतं.

फ्लेमप्रूफ दिवा म्हणजे आत स्फोट झाला तरी ज्वाला बाहेर पडू न देणारा; त्याचा बाहेरचा पृष्ठभाग किती तापू शकतो ते टी-क्लास सांगतो. टी३ म्हणजे जास्तीत जास्त २०० अंश सेल्सिअस, टी४ म्हणजे १३५, टी६ म्हणजे ८५, हे तुम्हाला माहीत असणारच. पण हा आकडा नेमप्लेटवरच्या परिसर तापमानापुरताच खरा. तिथे काही लिहिलं नसेल तर उणे २० ते ४० अंश धरायचं.

आमच्याकडे हेक्झेन या ज्वलनशील द्रावकाचं सेक्शन होतं. हेक्झेन २२५ च्या आसपास आपोआप पेटतं, म्हणजे टी३ पुरतो. छताखाली, स्टीम लाइनच्या वर, उन्हाळ्यात पारा ५० ओलांडायचा. म्हणून मी टी४, पण ५५ अंशांना प्रमाणित अशा एलईडी फिटिंग्ज मागितल्या. परचेसच्या साहेबांनी ते खोडून टी६ मागवल्या. ''दोन पायऱ्या वरचा माल देतोय, तरी कुरकुर?'' नेमप्लेटवर कमाल ४०. मी म्हटलं, इथे हिचं सर्टिफिकेटच लागू होत नाही. त्यांनी लगेच हिशेब मांडला: ८५ अधिक १० किंवा १५, म्हणजे १००, २०० कुठे लांब राहिलं! ऐकायला बिनतोड. पण गॅस्केट, केबलचं इन्सुलेशन, ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) यांचा हिशेब कोण करणार? उन्हाळा सरायच्या आत ड्रायव्हर एकामागून एक गेले. मग त्याच झोनमध्ये, म्हणजे स्फोटाचा धोका असलेल्या भागात, परमिट काढा, सप्लाय तोडा, गॅस तपासा, आणि शिडीवर चढून फिटिंग उघडा. साहेब अर्थातच शिडीखालीही आले नाहीत.

गॅस 'खतरनाक' आहे म्हणून टी६, हाही तसलाच प्रकार. हायड्रोजन पेटायला ५०० च्या वर लागतात; त्याला टी१ चालतो, फक्त गॅस ग्रुप टू-सी (सर्वात सहज पेटणाऱ्या वायूंसाठीचा गट) हवा. उलट कार्बन डायसल्फाइड ९० च्या आसपासच पेटतं, तिथे टी६ ला पर्याय नाही.

हे सगळं गॅस आणि वाफांचं. धूळ असेल तर गणित निराळं. फिटिंगवर थर बसला की उष्णता आत कोंडते, आणि मार्किंगही थेट अंशांत असतं. तुमचा झोन गॅसचा की धुळीचा ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा आधी ते बघा.

मागणीपत्रावर टी-क्लासच्या शेजारी परिसर तापमान ठळक लिहा. कुणी 'वरचा' म्हणून बदललाच, तर तिथेच त्याची सही घ्या.