उत्तर: खांदा दुखतोय आणि सर म्हणतात अजून जोर लावा

तुमची पोस्ट वाचली आणि माझा जुना उजवा खांदा आठवला. चाळिशी ओलांडलेली, कराटेची शोतोकान शैली, ब्राऊन बेल्ट, ओय-झुकी (पाऊल पुढे टाकत मारायचा ठोसा) मारताना मान आखडते, सर म्हणतात किमे (फटक्याच्या शेवटच्या क्षणी एकवटणारी ताकद) दिसत नाही, अजून जोर लावा, आणि आता तुम्ही विचारताय की कराटे सोडून द्यावं का. सोडू नका. वॉर्म-अप, स्ट्रेचिंग वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही. आणि मी डॉक्टर नाही. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल किंवा हात डोक्यावर जात नसेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, बाकीचं नंतर.

कोपर सरळ करतो तो दंडाचा मागचा स्नायू. पुढचा, म्हणजे बायसेप्स, ते वाकवतो. सुरुवातीपासूनच मूठ करकचून आवळली की दोन्ही एकदम ताठतात. एक स्नायू हात पुढे ढकलतो, दुसरा मागे ओढतो. घाम भरपूर, ठोसा मंद. आज घरी कराटेचा ड्रेस न घालता, नुसत्या टी-शर्टवर आरशासमोर उभं राहून एक ठोसा अगदी सावकाश मारून बघा. मूठ कमरेवरून सुटायच्या आधीच खांदा कानाकडे चढलेला दिसेल. तिथेच थांबा. श्वास सोडा, खांदा पडू द्या, अंगठ्याची पकड सैल करा. कोपर बरगडीला घासत पुढे जाऊ दे आणि मूठ आवळायची ती थेट शेवटी, क्षणभर. लगेच पुन्हा सैल. ओला पंचा झटकल्यावर टोकाला फटका बसतो ना, तसं. हेइआन शोदान हा पहिला काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) महिनाभर असाच करा, मोजणी न करता, श्वासाच्या चालीने. कंटाळा येईल. येऊ दे.

आता सर म्हणतील, ही पारंपरिक पद्धत नाही. मला यावरच चिडायला होतं. रांगेत उभं राहून 'इच, नी, सान' (एक, दोन, तीन) या मोजणीवर कडक हात फेकणं, याला आपण परंपरा समजतो. कराटे जिथलं, त्या ओकिनावा बेटावर इतोसू आन्को या गुरूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे शाळेत नेलं. पोरांच्या मोठ्या वर्गाला एकदम शिकवायचं, म्हणून ते कवायतीच्या अंगाने गेलं. हेइआन हे मुळात इतोसूंचेच पिनान काता. १९२२ मध्ये शोतोकानचे मूळ गुरू फुनाकोशी गिचिन तोक्योला गेले, विद्यापीठांत क्लब निघाले, आणि त्यांचा मुलगा योशिताका व तिथल्या तरुण पोरांच्या हाती उभं राहणं खोल आणि लांब होत गेलं. विशीतल्या गुडघ्यांना ते झेपतं. पंचेचाळिशीतल्या माणसाने तेक्की हा काता करताना तेवढंच खाली बसलं पाहिजे, असं कुणी सांगितलंय? ओकिनावात हाच काता नाइहान्ची म्हणून बराच ताठ उभं राहून, कंबर मोकळी ठेवून करतात. फुनाकोशींचे शिष्य एगामी शिगेरू तर पुढे ठरवून मऊ सरावाकडे वळले. म्हणजे घरातलीच माणसं.

(गोजू-रियू या दुसऱ्या शैलीवाल्यांनी, अंग ताठ ठेवून करायचा त्यांचा सानचिन काता घेऊन माझ्यावर धावून येऊ नये. तिथला ताण मुद्दाम शिकवलेला असतो आणि खांदे खाली ओढलेले असतात, कानाला लागलेले नसतात.)

माझं खरं नुकसान सरावाने नाही, ग्रेडिंग, म्हणजे बेल्टची परीक्षा, घेणाऱ्या संघटनेच्या ऑफिसने केलं. नाव घेत नाही, जाणकार ओळखतील. खांदा सैल करायला शिकल्यावर दानच्या (ब्लॅक बेल्टच्या) परीक्षेला बसलो. मार्कशीटवर एकच शेरा: 'पॉवर कमी'. लेखी अर्ज दिला की नेमकं कुठे कमी ते सांगा. सोबत फुनाकोशींच्या वीस सूत्रांतलं ते सूत्र लिहिलं, जोराचं कमी-जास्त, शरीराचं आकुंचन-प्रसरण आणि तंत्राची संथ-जलद गती विसरू नका असं सांगणारं. काउंटरवरच्या गृहस्थांनी वाचलंही नाही. म्हणाले, हे सिलॅबसमध्ये नाही, फेरपरीक्षेचा फॉर्म भरा, फी पूर्ण लागेल. परीक्षक कोण होते तेही सांगेनात. मग फेरपरीक्षेसाठी पुन्हा दात-ओठ खाऊन सराव. पास झालो. सर्टिफिकेट आलं, त्यावर नावात चूक, दुरुस्तीची फी वेगळी. आणि तोवर खांदा असा धरला की शर्टाच्या बाहीत हात घालायला बायकोची मदत लागायची. फिजिओथेरपीचा खर्च त्या फीच्या कितीतरी वर गेला.

म्हणून माझं मत (मतच आहे, सगळ्यांना पटणार नाही): तुमच्या वयाला पुढचा बेल्ट घाईने घ्यायचं काही कारण नाही. शाळेतल्या पोरांचं वेगळं, त्यांच्यामागे स्पर्धा असतात, ग्रेस मार्कांचं गणित असतं. बसायचंच असेल तर फी भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: गुण कशाकशाला, परीक्षक कोण, नापास झाल्यास शेरा मिळणार का. टाळाटाळ झाली तर समजून जा.

आणि बाहीचा तो 'फट्ट' आवाज म्हणजे किमे नव्हे. जाड कॅनव्हासचा ड्रेस घेतला की कुणाचाही येतो. जागतिक कराटे महासंघाच्या स्पर्धांत तर ड्रेसवर थाप मारून, पाय आपटून मुद्दाम आवाज काढणं ही काताच्या नियमांत चूक धरतात. तुमच्या सरांना हे शांतपणे दाखवा. वर्गात सगळ्यांसमोर नको, वर्ग सुटल्यावर. बरेच सर वाईट नसतात, त्यांनाही तसंच शिकवलेलं असतं. नाहीच ऐकलं तर किहोनला, म्हणजे मूळ तंत्रांच्या सरावाला, शेवटच्या रांगेत उभे राहा. तिथे तुमच्या खांद्याकडे कुणी बघत नाही.