मशीनचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न : माझ्या मिस्टरांना (वय ६१) दीड वर्षापूर्वी पक्षाघात झाला. उजवा पाय घासत चालतात, पंजा उचलत नाही. गुडघ्याजवळच्या नसेवर ऑपरेशन करून मशीन बसवायचं सुचवलंय, कोटेशन ११ लाख. पेन्शन ३४ हजार, फिजिओ धरून खर्च ३६ हजार. एफडी १८ लाख. शिवाय बँकेतल्या साहेबांनी यांच्या नावे ४ लाखांची जादा व्याजाची एफडी करून दिली, तिचे कागद ८ तारखेला आले. मशीनसाठी एफडी मोडू की सोनं तारण ठेवू? (सांगलीहून एक वाचक, पत्र २७ तारखेचं)

ताई, तुम्ही ज्या कागदांचे फोटो पाठवलेत ती एफडी नाही. विमा पॉलिसी आहे. हप्ता वर्षाला ४ लाख, भरायचा १० वर्षं. झाले ४० लाख! दरमहा २ हजार कमी पडणाऱ्या घराला हे विकणाऱ्या साहेबांना टार्गेटपुढे काही दिसलं नसावं.

हप्ता येणार कुठून? एफडीतूनच. मशीन घेतलं की उरतात ७ लाख, पुढच्या हप्त्यानंतर ३. तिसऱ्या वर्षी पॉलिसी बंद, आणि भरलेल्या ८ लाखांना मोठी कात्री.

याहून वाईट म्हणजे पॉलिसीच्या अर्जातलं तब्येतीच्या प्रश्नांचं पान. पक्षाघात? नाही. रक्तदाबाची गोळी? नाही. रुग्णालयात दाखल? नाही. मिस्टरांना उजव्या हातात पेन धरता येत नाही, म्हणून सहीऐवजी ओटीपी घेतला आणि ‘कंपनीचा फोन आला की सगळ्याला हो म्हणा’ असं सांगितलं, हे तुम्हीच लिहिलंय. उद्या क्लेम करायची वेळ आली तर कंपनी हेच पान पुढे करेल.

पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. तुमचे १९ दिवस गेलेत. साहेबांकडे जाऊ नका, ते ‘एक वर्ष थांबा’ म्हणत मुदत घालवतील. विमा कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या, शिक्का मारलेली पोच घ्या, तोच अर्ज ईमेलही करा. स्टँप ड्युटी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे किरकोळ पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार, पुढे विमा लोकपाल. तिथे फी नाही.

परत आलेले ४ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ८ हजारांच्या वर व्याज मिळेल. महिन्याची तूट भरून थोडं उरेलही. खातं दोघांच्या नावे काढा. एफडी एकट्या मिस्टरांच्या नावे असतील तर त्याही दोघांच्या करून घ्या, सहीचा प्रश्न पुन्हा येणारच आहे.

आता मशीन. टाच उचलली की ते नसेला झटका देतं आणि पंजा वर येतो. मेंदूतली इजा त्यानं भरून येत नाही. ‘पहिल्यासारखे चालतील’ असं कुणी म्हणालं असेल तर त्यांना ते लिहून द्यायला सांगा. नेदरलँड्समध्ये २००७ साली २९ रुग्णांवर चाचणी झाली, तीत असं यंत्र बसवलेल्यांचा चालण्याचा वेग २३ टक्क्यांनी वाढला. फायदा खरा, पण रुग्ण मोजकेच. हेच काम पायाला बाहेरून पट्ट्यानं बांधायचं यंत्रही करतं. अमेरिकेत १९७ जणांवरच्या चाचणीत (२०१३) असं बाहेरचं यंत्र आणि पायाचा साधा स्प्लिंट (पंजा खाली पडू न देणारा आधार), दोन्हींनी वेग सारखाच सुधारला. यंत्र वापरणारे जास्त खूश होते, इतकंच. स्प्लिंट काही हजारांत येतो. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. वापरून पाहिला की थेट ऑपरेशनवरच उडी?

त्यामुळे ११ लाखांना आज माझा नकार. सोनंही तारण ठेवू नका, व्याज भरायला जागा नाही. आधी स्प्लिंट, मग बाहेरचं यंत्र भाड्यानं किंवा ट्रायलवर. दहा मीटर चालायला स्प्लिंटनं किती सेकंद लागतात आणि यंत्रानं किती, हे फिजिओकडून लिहून घ्या. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा : मशीन बसवल्यावर एमआरआय करता येईल का, आणि बिघडलं तर दुरुस्ती कोण, किती रुपयांत करणार. उत्तरं आणि सेकंदांचे आकडे आले की पुन्हा लिहा. पण पॉलिसीचा अर्ज उद्याच द्या.