सासरे खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात होते. माझ्या चार वर्षांच्या मुलात ते उतरेल का?

ताई, मुलानं काही फेकलं की घरात कुणीतरी ‘आजोबांवर गेलाय’ म्हणतं आणि तुमच्या पोटात गोळा येतो, असं तुम्ही लिहिलंय. मी सोलापुरात विज्ञान शिकवते. मला ठाऊक आहे तेवढं सांगते.

गुन्ह्याचा असा जनुक नसतो. रागीटपणा, उतावळेपणा मात्र थोडाफार वारशानं येतो. ते नाकारून मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. १९९३ मध्ये नेदरलँड्समधल्या एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या काही पुरुषांत एमएओए हा, मेंदूतली काही रसायनं मोडायला लागणारा जनुक पूर्ण निकामी होता आणि ते भडकून अंगावर धावून जात, आगी लावत. असा बिघाड फारच दुर्मीळ. पण त्याच जनुकाचं मंद, म्हणजे कमी काम करणारं रूप पुष्कळ लोकांत असतं. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांवर संशोधकांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. त्यांतल्या मुलग्यांबद्दल २००२ मध्ये जे समोर आलं ते नीट वाचा: मंद रूप असून ज्यांचे लहानपणी हाल झाले नव्हते, ते इतरांपेक्षा हिंसक निघाले नाहीत. मंद रूप आणि हाल दोन्ही वाट्याला आलेले फक्त १२ टक्के होते, पण हिंसेबद्दलच्या शिक्षांपैकी ४४ टक्के त्यांच्या नावावर होत्या. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हा संबंध इतका ठळक दिसला नाही, हेही खरं.

‘रक्तातच आहे’ हे वाक्य मात्र मला सहन होत नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. १९५२ मध्ये कायदा गेला. माझ्या वर्गातल्या पारधी मुलासाठी तो गेलाच नव्हता. कुणाची कंपासपेटी हरवली की तो कुणी सांगायच्या आत दप्तर बाकावर पालथं करायचा. पेटी सापडायची दुसऱ्याच कुणाच्या तरी पिशवीत, आणि हा खाली बसून पुस्तकं गोळा करत असायचा.

म्हणून घरात ते वाक्य आजच बंद करा. चार वर्षांची मुलं वस्तू फेकतातच. त्याला मारू नका, आणि त्याच्यासमोर घरात मारहाण होत असेल तर आधी ती थांबवा. मारामारी वाढतच गेली, किंवा डोक्याला मार लागल्यापासून वागणं बदललं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आजोबांचंही त्यांना सांगा, लपवू नका.