लेसर एकच, मग 'थ्री बीम' कसं?

तुम्ही जुन्या सीडी प्लेयरचा पिकअप (लेसर आणि लेन्स असलेला डिस्क वाचणारा भाग) उघडलात, लेसर डायोडपुढे एक बारकी काच दिसली, आणि विचारताय की डायोड एकच आहे तर मॅन्युअलमध्ये तीन बीम कुठून आले. त्या काचेतूनच आले. ती ग्रेटिंग आहे, दिसते साधी पण तिच्यावर अगदी जवळजवळ बारीक रेघा असतात, त्यातून लेसर गेला की मधे एक जोरदार बीम आणि दोन्हीकडे एकेक मंद बीम निघतो.

मधला बीम डेटा वाचतो, फोकसपण त्याच्यावरूनच लागतो (ग्रेटिंगमुळे फोकस होतो असं बरेच जण ठोकून देतात, काही संबंध नाही). बाजूचे दोघं फक्त ट्रॅक, म्हणजे डेटाची गोल गोल फिरणारी रेघ, धरून ठेवायला. सीडीवर एका ट्रॅकपासून दुसरा १.६ मायक्रॉनवर, त्यात डिस्क थोडी का होईना लंगडत फिरते, म्हणजे ट्रॅक सतत इकडे तिकडे पळतोय. ट्रॅक सुटला हे मधल्या बीमच्या नुसत्या उजेडावरून कळेल हो, पण डावीकडे का उजवीकडे ते कसं कळणार? म्हणून बाजूचा एक ठिपका थोडा पुढे, एक थोडा मागे, आणि ट्रॅकच्या मध्यापासून एक इकडे एक तिकडे पाव ट्रॅक, म्हणजे ०.४ मायक्रॉन सरकवलेला. त्यांचा परतीचा प्रकाश ई आणि एफ नावाच्या दोन फोटोडायोडवर (प्रकाश मोजणारे सेन्सर) पडतो, दोन्ही सारखे असले की वजाबाकी शून्य, नाहीतर प्लस-मायनसवरून सर्व्होला (लेन्स हलवून ट्रॅकवर ठेवणारं सर्किट) कळतं लेन्स कुठे ढकलायची.

आता हे ०.४ येतं ग्रेटिंग किती फिरवलीय त्यावरून, आणि इथेच मी एकदा माती खाल्ली. उगाच स्क्रू ड्रायव्हर घालून ती जराशी फिरवली, मग फोकस लागायचा, डिस्क फिरायची, पण गाण्यांची यादी काही वाचेना. शेवटी ट्रॅकिंग सर्व्हो बंद करून, ऑसिलोस्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) बघत आधी तिन्ही ठिपके एकाच ट्रॅकवर आणले, तिथे ई वजा एफ जवळपास सपाट होतो, आणि तिथून मॅन्युअलमध्ये दिलेल्या बाजूला पहिलं शिखर येईपर्यंत केसभर फिरवली. उलट्या बाजूलापण तसंच शिखर मिळतं बरं का, पण तिथे सर्व्हो लेन्स ट्रॅकवरून बाहेरच ढकलतो.

सीडी रायटरमध्ये अजून एक भानगड, पुढचा ठिपका कोऱ्या भागावर आणि मागचा लिहिलेल्या भागावर, दोन्हीकडून प्रकाश वेगळा परततो, मग नुसती ई-एफ वजाबाकी फसते. तिथे ग्रेटिंग असते पण बाजूचे ठिपके अर्धा ट्रॅक सरकवतात आणि तिन्ही बीमचे पुश-पुल सिग्नल (एकाच ठिपक्याच्या दोन अर्ध्या भागांतल्या प्रकाशाची वजाबाकी) मिळून हिशोब करतात.

तुमच्या ग्रेटिंगच्या कडेला रंगाचा किंवा गोंदाचा ठिपका असेल तर तो फोडू नका, प्लेयर वाचत नसेल तर आधी वरची लेन्स पुसून बघा. आणि चालू असताना आत डोकावू नका, ७८० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला जेमतेम दिसतो, म्हणून तो डोळ्यात जातोय हे कळतही नाही.